उपरण्याखाली ठरलेली वर्षं

"माल हलका शे, मी लपाडस नही," असं आमचे आबा भर बैठकीत म्हणाले, आणि तो माल म्हणजे माझा नवरा होता.

बैठक होती धुळ्याच्या नानासाहेब वकिलांची. नानासाहेब गादीवर लोडाला टेकून बसलेले. त्यांच्या उजव्या हाताला वेताच्या हातांच्या खुर्चीत मुंबईचा एक गोरा तरुण, सबनीस नावाचा, त्याच्या हातात कपबशी. भिंतीकडेच्या बाकावर आमचे हे, त्यांच्या हातात पितळी पेला. नवऱ्याचं नाव मी घेत नाही. आता घेतलं तरी काय बिघडणार आहे, पण जिभेला सवय नाही. आबा म्हणजे माझे सासरे, ते पागोटं मांडीवर घेऊन जमिनीवरच बसले होते. खुर्चीवर बसलं की पाय लोंबतात, म्हणायचे. आणि मी स्वयंपाकघराच्या दाराआड, हातात भाजलेलं वांगं, त्याचं साल निम्मं सोललेलं. नानासाहेबांनी नुकतंच ह्यांना विचारलं होतं, "वर्ग?" हे पेल्यात बघत म्हणाले, "तसं पाहिलं तर…" आणि तेवढ्यात आबांनी तोंड घातलं. धागा आखूड आहे म्हणाले, पण पाणी मारलेलं नाही. कापसात पाणी मारून वजन वाढवायची चाल तेव्हाही होती. सबनीस कप बशीत ठेवायला विसरला. हे पेल्यात इतके वाकले की मला वाटलं आता पेल्यातच जातात.

हे पुण्याला लॉ शिकले. बी.ए.ला बरे होते, लॉला दुसऱ्या खेपेस सुटले, आणि सुटले ते नुसते पास. फर्स्ट क्लास नाही, सेकंड क्लास नाही, त्याच्या खालचं जे असतं ते. आमचं लग्न ठरलं तेव्हा ह्यांचा निकाल लागायचा होता. माझे वडील केळीवाले, सावद्याकडचे. त्यांनी चौकशी केली ती एवढीच, की मुलगा शिकतो कुठं. पुण्याला लॉ, असं ऐकल्यावर त्यांनी पुढं काही विचारलं नाही आणि हौसेनं जावयाला शिसवी खुर्ची करून दिली, हातांची, पाठीवर मोर कोरलेला. वकील बसणार म्हणून. माल बघायच्या आधी सौदा झाला, असं मी पुढं म्हणायचे, आणि ह्यांना ते आवडायचं नाही. मी स्वतः चौथी पास. चौथीत पहिली आले होते. वर्गात मुली दोनच होत्या, पण पहिली ती पहिली, सासरच्या घरात पहिला नंबर मिळवलेलं दुसरं कोणी नव्हतं.

निकाल लागला तेव्हा आबांनी गावभर पेढे वाटले. "बठ्ठा गावले वाटात," असं सांगत फिरले. पास झाला ह्याचेच पेढे ते. वर्ग कशाला म्हणतात ते त्यांना नंतर कळलं, एरंडोलच्या एका कारकुनाकडून. मग ते दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, कापूस हलका निघाला तरी कोणी शेतात ठेवत नाही, बाजारात न्यावाच लागतो.

बाजार म्हणजे नानासाहेब. त्या काळी नव्या वकिलाला कोणा मोठ्या वकिलाच्या हाताखाली बसल्याशिवाय कोर्टात कुत्रं विचारत नसे. धुळ्यात हाताखाली बसायचं तर नानासाहेबांच्या. त्यांचे दोनच प्रश्न असत, कॉलेज कोणतं आणि वर्ग कोणता. मुंबई असेल तर पुण्याच्या वर, पुणे असेल तर बाकी सगळ्यांच्या वर. आणि वर्गाप्रमाणं बसायची जागा. फर्स्ट क्लासला वेताची हातांची खुर्ची. सेकंड क्लासला बिनहातांची लाकडी. पासवाल्याला पक्षकारांबरोबर बाक. चहासुद्धा तसाच, कपबशी, नुसता कप, आणि पेला. नानासाहेबांच्या पत्नी, त्यांना सगळे काकू म्हणत, चहा पाठवण्याआधी आतून विचारायच्या, "कोणता क्लास आलाय?" आणि त्याप्रमाणं भांडं काढायच्या.

गंमत अशी की नानासाहेब स्वतः कॉलेजात गेलेच नव्हते. त्यांच्या तरुणपणी कॉलेज न करता नुसती परीक्षा देऊन वकिलीची सनद मिळायची, तशी त्यांची सनद. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. दारावरच्या पाटीवर त्यांच्या नावापुढं नुसतं 'वकील' एवढंच. समोरच्या गल्लीतल्या वकिलाच्या पाटीवर नावामागं इंग्रजी अक्षरं वीतभर. खेड्यातून येणाऱ्या पक्षकारांना अक्षरं वाचता येत नसत, पण पाटी लांब की आखूड ते दिसायचं, आणि लांब पाटीवाला वकील मोठा असं ते धरून चालायचे. म्हणून नानासाहेबांना दुसऱ्यांच्या डिग्र्यांचा सोस. त्यांच्या घरात त्यांची स्वतःची अशी डिग्री नव्हती, तेव्हा ते त्या बाहेरून आणून खुर्च्यांवर बसवत.

आता माझी नात वकील आहे. परवा पुण्याला वकिलांच्या कुठल्याशा मोठ्या कंपनीत मुलाखतीला जाऊन आली. मी विचारलं, "काय विचारलं गं?" म्हणाली, "आधी कॉलेज विचारलं, मग मार्क." मी विचारलं, "खुर्च्या कशा आहेत?" म्हणाली, "आजी, सगळ्यांना सारख्याच, चाकांच्या." मग कळणार कसं कोण कुठला, असं मी म्हणाले, तर ती हसली. हसण्यासारखं मी काही बोलले नव्हते.

तर ह्या बैठकीच्या आधी हे एकटे नानासाहेबांना भेटून आले होते. नानासाहेब "बघू" म्हणाले. वकील माणूस 'बघू' म्हणतो म्हणजे नाही म्हणतो, हे चौथी पास बाईला कळतं, पण ह्यांनी तो होकार धरला आणि देवपुरात पांझरेच्या पलीकडं एक खोली घेतली. खोलीत चूल, एक खिडकी, खिडकीतून नदी. नदीत पाणी कमी आणि धुणी जास्त, पण ती चूल माझी होती. गावाकडं सासूबाईंच्या राज्यात मिठाचा डबासुद्धा त्या स्वतः काढून द्यायच्या आणि परत ठेवायच्या. देवपुरात मी पहिल्या दिवशी उगाचच मीठ जास्त घातलं, कोणी विचारणारं नव्हतं म्हणून. ह्यांनी निमूट खाल्लं. सासूबाईंनी निरोप पाठवला की दिवाळीपर्यंत वकिलाकडं जागा मिळाली तर ठीक, नाहीतर दोघांनी गावी यायचं. दिवाळीनंतर कापूस वेचायला लागतो आणि दोन हात कमी पडत होते, ते माझे. त्या चुलीसाठी मी काय वाटेल ते करायला तयार होते, आणि ह्यांच्याकडून काही होणार नाही हेही मला दिसत होतं.

म्हणून मी आबांना सांगावा धाडला, तुम्ही या. आबा एसटीनं आले, पोतंभर भरताची वांगी घेऊन, आणि आम्हा दोघांना घेऊन थेट नानासाहेबांच्या दारात. मोठ्या माणसाकडं रिकाम्या हातानं कसं जायचं. काकूंनी पोतं बघितलं आणि मला आत घेतलं. त्यांच्या परसात तुरकाठ्या होत्या, त्यावर आम्ही वांगी भाजायला घेतली. तुरकाठीवर भाजलेल्या वांग्याचा वास वेगळा असतो, तो बैठकीपर्यंत गेला आणि नानासाहेबांचा आवाज जरा मऊ झाला असं मला वाटलं. पण सबनीसही नेमका त्याच दिवशी आलेला, नानासाहेबांनीच बोलावलेला. मुंबई, फर्स्ट क्लास. त्याची खुर्ची ठरलेलीच होती.

आबांचं 'माल हलका' बोलून झालं. मग नानासाहेब म्हणाले, "आबा, पास क्लासला माझ्याकडं बाक आहे. बाकावर बसवीन. त्याला कामं द्यायची, वाटा द्यायचा, खुर्ची द्यायची, ते पुढं."

"पुढं म्हणजे कितला वरीस?" आबांनी विचारलं.

"ते बघू."

आबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, स्वतःच्या उजव्या हातावर टाकलं आणि तो हात नानासाहेबांपुढं धरला. "हात द्या."

ज्यांनी बैलबाजार किंवा कापसाचा बाजार पाहिलेला नाही त्यांना सांगते. तिथं सौदा तोंडानं होत नाही. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून होतो, म्हणजे भोवती उभ्या माणसांना आकडा कळत नाही. आणि झालेला सौदा दोघांपैकी कोणी बोलून दाखवत नाही. बोलला तर त्याची बाजारातली पत गेली. आता वकिलाच्या बैठकीत उपरणं पुढं केलेलं बघून हे अर्धवट उठले, "आबा, अहो, इथं असं नसतं." आबा मान न वळवता म्हणाले, "माल बोलस नही." हे बसले.

मला वाटलं, नानासाहेब आता आबांना बाहेर काढतात. पण नानासाहेबांचे वडील अमळनेरला कापसाचे दलाल होते, आणि हे त्यांनी डिग्र्यांच्या खाली कितीही दाबून ठेवलं असलं तरी हात दलालाच्या मुलाचाच होता. तो आपणहून पुढं आला आणि उपरण्याखाली गेला. सबनीस म्हणाला, "सर, हे काय आहे?" नानासाहेबांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. उपरणं हलायला लागलं. नानासाहेब शुद्ध मराठी बोलणारे, कोर्टात इंग्रजी बोलणारे, ते एकदम म्हणाले, "नही, नही. इतलामा नही." आबांनी हात काढून घेतला, पागोटं उचललं, उठल्यासारखं केलं, परत बसले. परत हात आत. नानासाहेबांच्या कपाळावर घाम. काकू माझ्या मागून दाराच्या फटीतून बघत होत्या, त्या कुजबुजल्या, "लग्नाला एवढी वर्षं झाली, ह्यांना इतकं खुश कधी बघितलं नाही." माझ्या हातातलं वांगं गार झालं. शेवटी दोघांनी उपरण्याखालचे हात एकदा जोरात दाबले, आबांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "जमनं."

ह्यांना जागा मिळाली. किती वर्षं बाकावर, ते मात्र कोणालाच कळलं नाही.

परत जाताना पुलावर ह्यांनी विचारलं, "आबा, किती ठरलं?" आबा म्हणाले, "सौदा कोनले सांगतस नही." हे म्हणाले, "पण बाकावर मी बसणार आहे." आबा म्हणाले, "बस मग." एवढंच. मी सुनेच्या पायरीनं मागून चालत होते, मी विचारायचा प्रश्नच नव्हता. चूल राहिली ना, मग मीही गप्प बसले.

पुढची वर्षं बाकावर गेली. हे सकाळी पूल ओलांडून जायचे, बाकावर बसायचे, कागदांच्या नकला करायचे, तारखा घ्यायचे, पक्षकारांना कोर्टाचा रस्ता दाखवायचे. बाकाच्या शेजारीच सेकंड क्लासची बिनहातांची खुर्ची रिकामी पडलेली होती. तिच्यावरचा जुना माणूस सरकारी नोकरीत गेला होता आणि दुसरा सेकंड क्लास मिळत नव्हता. पक्षकार तिच्यावर पागोटी ठेवायचे. ह्यांनी एकदा तिच्यावर नुसता हात टेकला तर नानासाहेब म्हणाले, "ती सेकंड क्लासची आहे." पागोट्यांना चालायची, ह्यांना नाही. सबनीस हुशार होता, ते मी नाकारत नाही. त्यानं लिहिलेली अपिलं नानासाहेब इतरांना वाचून दाखवायचे. ह्यांनी लिहिलेलं कधी कोणी वाचून दाखवलं नाही. सबनीस माणूस म्हणूनही वाईट नव्हता, फक्त त्याला तिखट सोसायचं नाही. काकूंच्या शेवेच्या भाजीला तो पाणी घालून खायचा, आणि ते बघून काकूंना फर्स्ट क्लासबद्दल जे वाटायचं ते वाटायचं.

घर चालायचं ते गावाहून येणाऱ्या ज्वारी-डाळीवर. प्रत्येक पोत्याबरोबर सासूबाईंचा प्रश्न यायचा, अजून किती दिवस? उत्तर दोघांनाच ठाऊक, आणि दोघंही बाजारातले. ह्यांनी एकदा सबनीसला विचारलं, असा करार कायद्यात टिकतो का. सबनीसनं पुस्तक काढलं, दोघं दुपारभर वाद घालत बसले. करार कोणाकोणात, साक्षीदार कोण, अट काय. शेवटी सबनीस म्हणाला, करार टिकेल, पण त्यात काय ठरलं ते तुम्हाला सिद्ध करता येणार नाही. दोन एलएल.बी., एक मुंबईचा आणि एक पुण्याचा, आणि त्यांना कळलं ते एवढंच, की आकडा माहीत नाही. ते मला सकाळपासून माहीत होतं.

मग एका थंडीत आबा आजारी पडले. आम्ही गावी गेलो. तापात ते बोलेनासे झाले, आणि एका सकाळी त्यांनी हात वर केला आणि बोटं हलवली. खाटेभोवती घरातली सगळी माणसं. माझा दीर म्हणाला, "तीन." जाऊबाई म्हणाल्या, "चार, अंगठा मिटलाय बघा." हे वाकून म्हणाले, "आबा, वर्षं का? किती? परत दाखवा." आबांनी परत बोटं हलवली, ह्या वेळी दोनच, एकमेकांवर घासली. सासूबाईंनी सगळ्यांना बाजूला सारलं. म्हणाल्या, "तंबाखू मागतायत ते," आणि चुना लावून चिमूट दिली. आबांनी ती दाढेखाली धरली. त्या दिवशी दुपारी ते गेले. मी त्यांच्यासाठी रडले, पण खरं सांगायचं तर त्यांच्याबरोबर तो आकडाही चालला होता ह्याचंही मला रडू आलं.

तेराव्याला नानासाहेब गाडी करून आले, ह्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले. हे विचारतील म्हणून मी वाट बघत होते. ह्यांनी विचारलं, "चहा घेणार?" त्यांची गाडी गेल्यावर सासूबाईंनी सांगून टाकलं, दाणा आता आखाजीपर्यंतच, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत. आखाजीला ह्याला खुर्ची मिळाली तर राहा, नाहीतर खोली सोडा आणि या. दीर म्हणाला, शेतात माणूस पाहिजेच आहे. हे मान हलवत होते. जो माणूस स्वतःच्या बापाचा तेरावा संपेपर्यंत स्वतःबद्दल चार शब्द बोलू शकत नाही, तो आखाजीपर्यंत बोलेल असं मला वाटलं नाही.

चैत्रात काकूंनी मला बिबडे करायला बोलावलं. बिबडे म्हणजे ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचे मोठे पापड, ते गच्चीवर ओल्या कपड्यावर हातानं थापायचे आणि उन्हात वाळवायचे. आम्ही दोघीच होतो, डोक्यावर पदर, हात कोपरापर्यंत पिठानं चिकट. मी सरळ विचारलं.

"काकू, तुम्हाला माहीत आहे ना, किती ठरलं ते?"

"माहीत आहे."

"मग सांगा."

"सांगू शकत नाही. बोलले तर ह्यांचा शब्द जातो."

"त्यांनी तुम्हाला सांगितलं तेव्हा नाही गेला?"

"मला तरी कुठं बोलून सांगितलं? हात धरून सांगितलं." काकू एक बिबडा थापून झाल्यावर म्हणाल्या, "माझा बाप बैलांचा व्यापारी होता. मला बोटं कळतात हे बघूनच ह्यांच्या वडिलांनी मला पसंत केलं. कोणी माझं कॉलेज विचारलं नव्हतं."

मी माझा पदर हातावर ओढला आणि हात पुढं केला. "मग बोलू नका. हात द्या."

काकूंनी गच्चीवर आजूबाजूला बघितलं. शेजारच्या गच्चीवर एक बाई मिरच्या वाळत घालत होती, तिची पाठ होती. काकूंचा हात माझ्या पदराखाली आला, पीठ लागलेला, चिकट, आणि त्यांनी माझी तीन बोटं एकत्र धरून दाबली. मला खात्री वाटेना म्हणून मी परत दाबून विचारलं, तर त्यांनी परत तीनच दाबली आणि वर चिमटा काढला. तीन वर्षं. आमचं तिसरं वर्ष मागल्या दिवाळीलाच संपलं होतं. म्हणजे आबा जिवंत होते तेव्हाच संपलं होतं, आणि आबा वाट बघत राहिले की नानासाहेब आपणहून देतील, आणि नानासाहेबांनी दिलं नव्हतं.

"का नाही दिली मग खुर्ची?" मी विचारलं.

"ते त्यांना विचार," काकू म्हणाल्या. "मी काही बोललेच नाही." दोघींचे हात एकमेकांना चिकटले होते, ते सोडवताना आम्हाला हसू आवरेना. ती मिरच्यावाली वळून बघायला लागली.

ह्यांना मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ह्यांनी सबनीसला विचारलं असतं. आखाजीला सगळ्या बाया माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. मी सासरी गेले, खुर्ची आणायला. माझ्या बापानं दिलेली शिसवी खुर्ची सासूबाईंच्या खोलीत होती, तिच्यावर गोधड्यांची चळत, मोर गोधड्यांच्या मागं गुदमरलेला.

"खुर्ची नेते," मी म्हणाले.

"कुठं?"

"वकिलाकडं. ह्यांना बसायला."

"नानासाहेबांनी सांगितलं?"

"त्यांना अजून माहीत नाही."

 सासूबाई उठल्या आणि गोधड्या आपल्या हातानं उतरवायला लागल्या. मला वाटलं, मायेनं. त्या म्हणाल्या, "दाणा वाचतो." एसटीवाल्यानं खुर्ची टपावर बांधली आणि विचारलं, बसणारी माणसं किती. मी म्हणाले, एक, आणि ते धुळ्यात आहे.

आखाजीनंतरच्या पहिल्या कोर्टाच्या दिवशी मी टांग्यातून खुर्ची नानासाहेबांच्या दारात उतरवली. टांगेवाल्यानं आणि मी मिळून ती आत नेली आणि बाक आणि सेकंड क्लासच्या खुर्चीच्या मधोमध ठेवली. बाकावरचे पक्षकार सरकले. हे उठून उभे राहिले, हातात कोणाचीतरी नक्कल.

"अगं, हे काय?"

"बसा."

"नानासाहेब अजून—"

"बसा म्हणते ना."

हे बसले, तापलेल्या तव्यावर बसल्यासारखे, अगदी कडेवर. तेवढ्यात नानासाहेब कोट घालत आतून आले. त्यांनी खुर्ची बघितली, मोर बघितला, मग मला.

"ही कोणाची?"

"ह्यांची. माझ्या वडिलांनी दिलेली."

"इथं का आणली?"

"तीन वर्षं झाली म्हणून."

नानासाहेब गादीवर बसले. सबनीस लिहायचा थांबला. पक्षकारांना काही कळत नव्हतं, ते मोर बघायला लागले.  नानासाहेब नाही म्हणाले असते तर तोच टांगा एसटी स्टँडला न्यायचा आणि खुर्चीबरोबर मीही टपावर बसायचं, एवढं मी ठरवून आले होते.

"तीन, असं तुला कोण बोललं? आबा?"

"आबा बोलले नाहीत."

"मग?"

"कोणीच बोललं नाही."

नानासाहेबांनी हळूच स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. दारात काकू उभ्या होत्या, उजवा हात पदराखाली घेऊन. नानासाहेबांनी तो पदर बघितला. मग ह्यांच्याकडं वळले.

"नीट बसा, वकील. मागं टेका. दिवाळीपासून वाट बघतोय, हा मागतो कधी. बाप गेला त्याचा, तरी मागितलं नाही. ज्याला स्वतःचा दावा लावता येत नाही तो दुसऱ्याचा काय लावणार? म्हणून मी वर्ग बघतो."

हे म्हणाले, "माझ्याकडं पुरावा नव्हता."

"तुमच्या बायकोकडं होता," नानासाहेब म्हणाले, आणि आत आवाज दिला, "चहा पाठवा."

काकूंनी आतून विचारलं, "कोणता क्लास?"

नानासाहेबांनी खुर्चीचे हात बघितले. "कप पाठवा," म्हणाले. "बशी नको."

त्या दिवसापासून ह्यांना कामं मिळायला लागली आणि गावाहून दाणा यायचा बंद झाला. पाटीवर नाव यायला मात्र वेळ लागला. सबनीसच्या नावापुढं कंसात 'प्रथम वर्ग' लिहिलेलं होतं, ह्यांच्या नावापुढं रंगाऱ्यानं विचारलं काय लिहू, तर नानासाहेब म्हणाले, 'पुणे' लिही, तेवढंच वर लिहिण्यासारखं आहे. पाटी तेवढी लांब झाली. सबनीस पुढं मोठा न्यायाधीश झाला, आणि तो होणारच होता, ते पहिल्या दिवशीच त्याच्या कपबशीवरून दिसत होतं. आमचे हे साधे वकील राहिले. बांधाचे, विहिरीच्या वाट्याचे, चुलत भावांच्या भांडणाचे दावे लढवले, निम्मे जिंकले. मुलं शिकली. नातीला मी सांगितलं, कॉलेज चांगलं मिळव, वर्ग चांगला मिळव, आणि ते मिळालं तरी आपलं आपण मागायला शीक, कारण सगळ्यांच्या सासऱ्याकडं उपरणं नसतं.

खुर्ची अजून आहे. मोराची चोच तुटली आहे, बाकी ठणठणीत. नानासाहेब गेले, काकू गेल्या, सासूबाई गेल्या, सबनीस मुंबईत वारला, हे जाऊनही बरीच वर्षं झाली. त्या बैठकीतलं आता कोणी नाही. मी आहे, आणि मी तर बैठकीत नव्हतेच, दाराआड वांगं सोलत होते.